पासवर्ड पाठ करू नकोस गं

चिमे,

शनिवारी त्या झेरॉक्सच्या दुकानात मी तुझ्या मागेच उभी होते. दुकानात पाच-सहा माणसं, एक बाई कडेवर पोर घेऊन शाळेच्या फॉर्मसाठी ताटकळलेली, त्यात मशीनची घरघर. त्या घरघरीवर आवाज चढवून तू काउंटरवरच्या पोराला तुझ्या ईमेलचा पासवर्ड सांगितलास. घरातलं लाडकं नाव, मग अ‍ॅट, मग जन्मसाल. तो म्हणाला, "पहिलं अक्षर कॅपिटल ना, ताई?" आणि तू म्हणालीस, "हो, कॅपिटल." मला तिथे काही बोलवेना. नंतर रिक्षात तू मामीच्या डोहाळजेवणाच्या साडीचा विषय काढलास आणि राहूनच गेलं. म्हणून आता रात्रीची भांडी आवरून लिहायला बसलेय. रागावले नाहीये. मला रागवायचा हक्कही नाही, का ते पुढे सांगते.

आधी त्या पोराच्या प्रश्नाकडे बघ. तू काही म्हणायच्या आधीच पहिलं अक्षर कॅपिटल असणार हे त्याला कळलं होतं. तो काही हॅकर नाही, दिवसाला पन्नास लोकांचे पासवर्ड त्याच्या कानावर पडतात एवढंच. आणि सगळ्यांचे एकाच साच्यातले. पहिलं अक्षर मोठं, नाव, चिन्ह म्हणून अ‍ॅट, शेवटी साल नाहीतर एक-दोन-तीन. त्याला जे कानानं कळलंय ते चोरांना याद्यांवरून कळतं. २००९ साली रॉकयू नावाच्या अमेरिकन कंपनीतून तीन कोटी वीस लाखांवर पासवर्ड बाहेर पडले. कसलंही कुलूप न लावता, साध्या अक्षरांत साठवलेले. त्यांत जवळजवळ २ लाख ९० हजार जणांचा पासवर्ड एकच होता, एकपासून सहापर्यंतचे आकडे. तेव्हापासून अशा याद्या फुटतच आल्या आहेत आणि अंदाज बांधणारे प्रोग्राम त्यांवरच पोसले जातात. आपले देवही त्यातून सुटलेले नाहीत. कृष्ण, साईराम, ओमसाईराम हे सगळे त्या याद्यांत आहेत. श्रद्धा असू दे, पण कुलपाला देवाचं नाव दिलं म्हणून ते मजबूत होत नाही.

तुला वाटेल, माझं जन्मसाल कुणाला माहीत? अगं, माहीत असायची गरजच नाही. गेल्या शंभर वर्षांतली प्रत्येक तारीख लिहून काढली तरी साडेछत्तीस हजार होतात. मुलींची नावं धर काही हजार. एखाद्या साइटची चोरलेली, कच्च्या कुलपाची यादी हातात असेल, तर चांगलं मशीन सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासतं. तुझं नाव आणि साल म्हणजे त्याच्या चहाच्या घोटाइतकंही काम नाही. ए च्या जागी अ‍ॅट आणि ओ च्या जागी शून्य, ही युक्तीसुद्धा त्याला पाठ आहे.

आणि गंमत बघ, ही सवय आपल्याला सरकारनंच लावलीय असं कधीकधी वाटतं. ई-आधारची फाइल उघडायला काय लागतं? नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये, पुढे जन्मसाल. सगळ्या देशाला एकच सूत्र. म्हणजे ती फाइल लॉजवाल्याला नाहीतर झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅप केलीस, की कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीतून दिल्यासारखं. शनिवारी तू ई-आधारचंही तेच केलंस. पुढच्या वेळी आधार द्यायचंच झालं तर मास्क्ड आधार काढ, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

बरं, हा मोठं अक्षर, आकडा, चिन्ह असा हट्ट आला कुठून? अमेरिकेत निस्ट म्हणून मानकं ठरवणारी सरकारी संस्था आहे. तिथल्या बिल बर नावाच्या गृहस्थांनी २००३ मध्ये एक मार्गदर्शिका लिहिली, आणि जगभरच्या ऑफिसांनी ती प्रमाण मानली. मोठी-लहान अक्षरं घाला, चिन्हं घाला, दर काही महिन्यांनी बदला. २०१७ मध्ये याच बर साहेबांनी निवृत्तीनंतर वर्तमानपत्राला सांगितलं, की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पस्तावा होतो. त्याच वर्षी निस्टनं चिन्हांचा हट्ट आणि मुदतीत बदलायची सक्ती दोन्ही काढून टाकली. आता त्यांचा भर लांबीवर आहे. २०२५ च्या सुधारणेत ते म्हणतात, की नुसत्या पासवर्डवरच भिस्त असेल तर किमान १५ अक्षरं हवीत. आमच्या ऑफिसला मात्र ही बातमी अजून पोचलेली नाही. दर ९० दिवसांनी पडदा लाल होतो आणि आम्ही सगळे महिन्याचं नाव बदलतो. माझा मार्चचा पासवर्ड ज्याला कळेल, त्याला जूनचा मी सांगायला नको.

आता माझी गोष्ट. ही आईला सांगितलेली नाही, तूही सांगू नकोस. चार वर्षांपूर्वी दिवाळीत मी एका छोट्या साइटवरून इरकली साडी मागवली. खातं उघडल्याशिवाय ऑर्डर घेत नव्हते, म्हणून उघडलं. पासवर्ड दिला नेहमीचाच. नेहमीचा म्हणजे ईमेलचाही तोच, फोटोंचाही तोच, रेल्वेच्या तिकिटाचाही तोच. चांगला होता गं! लांब, चिन्हंबिन्हं असलेला, मला त्याचा अभिमान होता. साडी आली, नेसले, विसरले. सहा महिन्यांनी एका सकाळी ईमेल उघडेना. दुपारी तुझ्या भाओजींच्या मावसभावाचा फोन, "वहिनी, हॉस्पिटलात आहात का? पैसे कुठे पाठवू?" माझ्या पत्त्यावरून चाळीस-पन्नास जणांना मदतीची पत्रं गेली होती. त्या साडीवाल्यांची यादी फुटली होती. ती कुणीतरी घेतली आणि त्यातली प्रत्येक जोडी, ईमेल आणि पासवर्ड, इतर सगळ्या दारांना लावून बघितली. माझी दारं एकामागून एक उघडली. एका काकांनी पाच हजार पाठवलेसुद्धा. ते मी त्यांना गुपचूप परत दिले, आणि चोर वेगळाच होता हे पटवून द्यायला दोन पानी पत्र लिहिलं.

हे कुणी माझ्यावर डूख धरून केलं नव्हतं. मी त्यांना ओळखतही नाही, तेही मला नाही. मोठ्यांचंही असंच होतं. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए तपासणाऱ्या अमेरिकन कंपनीची साधारण १४ हजार खाती याच पद्धतीनं उघडली गेली, दुसरीकडून फुटलेले पासवर्ड लावून. आणि नातेवाईक शोधायच्या सोयीमुळे त्या १४ हजारांच्या आडून ६९ लाख लोकांची माहिती गेली. पासवर्ड चांगला असणं आणि तो एकाच ठिकाणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला साडीच्या किमतीपेक्षा बरंच महागात कळलं. तुझा पत्ता कुठल्या फुटलेल्या यादीत आहे का ते हॅव आय बीन पोन्ड या साइटवर बघता येतं. ट्रॉय हंट नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसानं २०१३ मध्ये ती सुरू केली. तिथे फक्त ईमेलचा पत्ता घालायचा. माझा पत्ता घातल्यावर जी लांबलचक यादी आली, ती बघून मी मुकाट्यानं चहा टाकला.

म्हणून सांगते, प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड. आता तू म्हणशील, ताई, माझी ऐंशी खाती आहेत, एवढं लक्षात कसं ठेवू? माझं म्हणणं तेच आहे, ठेवूच नकोस! आपल्याला लहानपणापासून पाठांतराची सवय, त्यामुळे पासवर्डही पाठ असायला हवा असं वाटतं. आणि पाठ राहायला हवा म्हणून आपण तो सोपा करतो, एकच करतो, साल घालतो. सगळ्या चुकांचं मूळ तिथे आहे. डोक्यात तीन ठेवायचे, फोनचं कुलूप, ईमेल आणि पासवर्ड मॅनेजर. बँकेचे पिन आकड्यांचे, ते वेगळे. बाकीचे तुला माहीतही नसले तरी चालतात. माझ्या वीजबिलाच्या खात्याचा पासवर्ड काय आहे, मला खरंच ठाऊक नाही.

पासवर्ड मॅनेजर म्हणजे कुलूपबंद वही. गूगल आणि अ‍ॅपलच्या फोनमध्ये आपापला असतोच, वेगळा हवा तर बिटवॉर्डन आहे, मी तोच वापरते आणि फुकटच वापरते. तो वीस अक्षरांचा अगम्य पासवर्ड स्वतः तयार करतो, स्वतः ठेवतो, स्वतः भरतो. त्याचा आणखी एक गुण लोक सांगायला विसरतात. 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल' असा मेसेज आठवतोय? आत्यानं घाबरून फोन केला होता तो. अशा मेसेजमधल्या लिंकवर हुबेहूब खरी दिसणारी साइट असली तरी आपले डोळे फसतात, मॅनेजर फसत नाही. पत्ता एका अक्षरानं जरी वेगळा असला तरी तो पासवर्ड भरतच नाही. तो गप्प बसला की आपणही थांबायचं आणि वर पत्ता वाचायचा. सगळं एकाच ठिकाणी ठेवणं धोक्याचं नाही का? आहे. २०२२ मध्ये लास्टपासमधून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. त्यांतले पासवर्ड कुलूपबंद होते, पण ज्यांची मुख्य किल्ली लेचीपेची होती त्यांनी चिंता करावी अशीच ती गोष्ट होती. म्हणून ती एक किल्ली जीव ओतून बनवायची.

ती कशी बनवायची? शब्दांची. १९९५ मध्ये आर्नोल्ड राइनहोल्ड या माणसानं एक सोपी पद्धत काढली. ७,७७६ शब्दांची यादी घ्यायची, ल्युडोचा फासा पाचदा टाकायचा, जे पाच आकडे पडतील त्या क्रमांकाचा शब्द उचलायचा. असे पाच-सहा शब्द. मी मराठीत करते. आपल्याकडचा तो जाडा, कोपरे वाळवीनं खाल्लेला शब्दकोश आठवतो ना? डोळे मिटून पान उघडायचं, बोट ठेवायचं, बोटाखाली जो येईल तो शब्द. मी करून बघितलं तेव्हा अडकित्ता, पाणंद, हुंडी, लगोरी, कोकम असे आले. हे इथे लिहिलेत म्हणजे ते मेले, तू वापरू नकोस. पण एकदा मनात चित्र उभं केलं, पाणंदीतून अडकित्ता घेऊन हुंडी वटवायला निघालेली बाई, हातात लगोरी आणि डब्यात कोकम, की विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. मात्र शब्द मनानं निवडू नकोस. मन दर वेळी त्याच गल्लीत शिरतं, मुलाचं नाव, माहेरचं गाव, आवडती मालिका. गाण्याची ओळ नको, आरती नको, म्हणही नको. चोरांना हे सगळं आधीच ठाऊक आहे.

एक फजिती सांगते, म्हणजे तुझी होणार नाही. हे शब्द आपण इंग्रजी अक्षरांत टाइप करतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा पाणंद एक ए घालून लिहिलं की दोन, हे दुसऱ्या दिवशी आठवेना. कोकमला के की सी? अर्धा तास माझ्याच दारात मी उभी! तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर बहिणीला लिहिताना जे स्पेलिंग आपोआप येतं तेच ठेव, आणि ज्या शब्दात हात अडखळतो तो शब्द टाकून पुन्हा बोट ठेव. पहिला आठवडा कागदावर लिहून ठेव, दिवसातून एकदा टाइप कर. आठवड्यानं बोटांना येतं. मग तो कागद जाळू नकोस, कुठे ठेवायचा ते सांगते.

कारण वहीत लिहिणं पाप आहे असं जे म्हणतात ते मला पटत नाही. तुझे पासवर्ड चोरणारा माणूस कुठल्यातरी दुसऱ्या देशात बसलाय, तो तुझ्या कपाटातल्या साड्यांच्या घडीखाली हात घालायला येत नाही. आईला मॅनेजर झेपणार नाही, तिच्यासाठी वहीच बरी. फक्त वही हवी. आई लिहायची कुठे, आठवतंय? कालनिर्णयच्या मागच्या बाजूला, दुधाच्या खाड्यांखाली. जानेवारीत नवं कालनिर्णय लागलं, जुनं रद्दीत गेलं, आणि तिची पेन्शनची पावती तीन आठवडे निघाली नाही. आता मी तिला लाल कापडी बांधणीची वही आणून दिलीय. नुसत्या फोनच्या नोट्समध्ये किंवा स्वतःलाच केलेल्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये मात्र अजिबात ठेवू नकोस. त्यापेक्षा दुधाचे खाडे बरे.

ईमेलचं आज रात्रीच कर, बाकी सावकाश. बाकी सगळी खाती 'पासवर्ड विसरलात?' म्हटलं की ईमेलवरच पत्र पाठवतात, म्हणजे ईमेल ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळं घर. नवी शब्दांची किल्ली, त्यावर दोन टप्प्यांची तपासणी, शक्य तर ऑथेंटिकेटर अ‍ॅपची. एसएमएसचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, पण कुणी तुझ्या नावानं दुसरं सिम काढलं तर तो त्याच्याकडे जातो. सुरू करताना बॅकअप कोड मिळतात, ते लोक बघतही नाहीत. छापून घे, झेरॉक्सच्या दुकानात नव्हे, माझ्याकडे येऊन. आणि काही साइट पासकी देतात, म्हणजे पासवर्डच नाही, बोटाचा ठसा दिला की काम. दिसली की घे.

'आईचं माहेरचं आडनाव काय?' असल्या सुरक्षा-प्रश्नांना खरं उत्तर देऊ नकोस. अमेरिकेत असेल ते गुपित. आपल्याकडे तुझ्या लग्नपत्रिकेत खाली दोन्ही मामांची नावं आडनावासकट छापली होती, आणि ती पाचशे घरांत गेली. तिथे उत्तर म्हणून चकली लिही, रबर लिही, काहीही, फक्त मॅनेजरमध्ये नोंदवून ठेव.

आता जरा नाजूक. तू मागे म्हणालीस, तुझा नवरा म्हणतो, "आपल्यात कसला आलाय पासवर्ड?" तो वाईट नाही, मला माहीत आहे. तुझे भाओजीही पहिल्या वर्षी असंच म्हणायचे. मी त्यांना सांगितलं, घरची जी खाती आहेत, वीज, गॅस, सिनेमाबिनेमा, ती दोघांची. माझं ईमेल माझं. त्यात मैत्रिणींची दुःखं आहेत, ती मला सांगितलेली आहेत, तुम्हाला नव्हे. चार दिवस फुगून बसले, मग त्यांनीही स्वतःचा बदलला. तू ठाम राहा, पण भांडू नकोस. आणि समोरचा माणूस प्रेमानं नव्हे, पाळत ठेवायला मागतोय असं कधी वाटलं, तर मला रात्री दोनलाही फोन कर.

पण मग अडचणीचं काय? बाबा आयसीयूत होते तेव्हाची ती रात्र आठव. विम्याचा कागद त्यांच्या ईमेलमध्ये, ईमेल फोनमध्ये, फोनला कुलूप, आणि आपण तिघी बाकावर बसून आईचा वाढदिवस, तुझा वाढदिवस, घर नंबर टाकून बघत होतो, शेवटी फोनच अडून बसला. शुद्धीवर आल्यावर बाबा म्हणाले, आईचाच वाढदिवस होता, उलटा! तेव्हापासून मी एक पाकीट केलंय. फोनचा कोड, मॅनेजरची किल्ली, बॅकअप कोड. डिंकानं चिकटवून, चिकटलेल्या जागेवर आडवी सही करून, कपाटाच्या लॉकरमध्ये, दागिन्यांच्या डबीखाली. ते कुठे आहे हे भाओजींना माहीत आहे. उघडलं तर मला कळेल, एवढीच अट. तुझा तो कागद अशाच पाकिटात घाल.

इतकं करूनही काही गेलंच, तर लाजून बसू नकोस, मी बसले होते. पैसे गेले असतील तर आधी बँक आणि १९३०, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. रिझर्व्ह बँकेनं २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं होतं, की चूक तुझीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुझ्यावर तोशीस येत नाही. मात्र पिन, पासवर्ड आपणच कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. दुकानात मोठ्यानं सांगणं कशात मोडतं, ते तूच ठरव.

रविवारी जेवायलाच ये. शब्दकोश काढून ठेवते, फासा तुझ्या भाच्याकडे आहे. आणि हो, त्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तू लॉगआउट केलंच नव्हतंस. तू सुटे पैसे मोजत होतीस तेव्हा मी केलं. पासवर्ड मात्र आजच बदल.

तुझी,
ताई